बोरमळ्यातले तीन गुंठे

"मालन, विळी आण हिकडं. कोयता आण, खुरपी आण, आडकित्ता पण आण. घरात धारंचं म्हणून जे जे हाय ते सगळं माझ्याम्होरं ठेव."

आई सोप्यात पाय पसरून बसली होती आणि हुकूम सोडत होती. माझी वहिनी मालन कमरेवर हात ठेवून हसत होती.

"अवो आत्याबाई, पंचमीला कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, एवढं मला बी ठावं हाय की. पर म्हणून कोयता कुणी गाठोड्यात बांधतं व्हय? खुंटीला हाय तिथं राहू दे."

"धार दिसली की हात जातो. आण म्हटलं की आणायचं."

मी नुकतीच दारात येऊन पिशवी टेकवली होती. म्हटलं, म्हातारीचं सोवळं वयाबरोबर वाढत चाललंय. आमच्या घरी नागपंचमीला तवा चढायचा नाही, विळी हातात धरायची नाही, शेतात कुदळ मारायची नाही, हे सगळं पूर्वीपासून होतं. पण हत्यारं गोळा करून जुन्या लुगड्यात बांधायची, हे मी तरी पहिल्यांदाच बघत होते. मालननं एकेक जिन्नस आणून आपटला. आईनं गाठ मारली आणि गाठोडं घेऊन ती आत गेली. मीही विसरून गेले, कारण मी खुशीत होते. दोन वर्षांनी भावानं मला सणाला बोलावलं होतं.

खुशीचं कारण ऐकून तुम्ही मला खुळी म्हणाल. म्हणा. आदल्या दिवशी मी भावाचा उपास धरला होता. माझा भाऊ हिंदुराव, त्याला मी दादा म्हणायची. त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, "शालन, पंचमीला ये. दाजींनाही घेऊन ये." दाजी म्हणजे माझे मालक, आनंदा. ते सांगलीत एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ते मला म्हणाले, "इतकी वर्षं मला कधी बोलावलं नाही, आताच कसं काय?" मी त्यांच्यावरच खेकसले, "तुमचं आपलं कायम वाकडंच. वर्षाचा सण आहे, गप चला."

खरं तर मलाही माहीत होतं. आमच्या गावाच्या कडेनं बायपास आला आणि बोरमळ्यातल्या आमच्या दोन एकरांना सोन्याचा भाव आला. जिथं वडलांनी जन्मभर हरभरा नि शाळू काढला तिथं ढेरे नावाच्या प्लॉटवाल्यानं चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखले, रंगीत पताका लावल्या, रस्त्याला लोखंडी कमान उभी केली आणि तिच्यावर 'नंदनवन पार्क' असं रंगवून घेतलं. दर रविवारी शहरातनं गिऱ्हाइकं गाड्या भरून यायची. ढेरे त्यांना भडंग-चहा द्यायचा, हवा कशी मोकळी आहे ते सांगायचा आणि दोन वर्षांत दाम दुप्पट होतील अशी शप्पथ घ्यायचा. लोकंही अशी, की ज्यांनी आयुष्यात ढेकूळ फोडलं नाही ती त्या चौकोनात उभी राहून फोटो काढायची.

फक्त एक अडचण होती, ती म्हणजे मी. वडील गेल्यावर सातबाऱ्याला तीन नावं लागली होती: आईचं, दादाचं आणि माझं. आईनं अंगठा दिला होता. दादानं विसार घेऊन चारचाकीत उडवला होता. माझी सही झाल्याशिवाय ढेरेला एक चौकोनही नावावर करून देता येत नव्हता. आमच्याकडं रीत अशी, की बहिणीनं माहेरी यायचं, गोडधोड खायचं, हक्क सोडल्याची सही करायची आणि भावानं अंगावर घातलेली साडी नेसून डोळे पुसत सासरी जायचं. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी तेच केलं. मी मात्र दादाला सांगितलं होतं, मला पैसा नको, विहिरीकडचे तीन गुंठे दे. मी घर बांधीन.

मला घर हवं होतं हो. दुसरं काही नको होतं. लग्न झाल्यापासून आम्ही भाड्याच्या खोल्या बदलत होतो. बायपास झाला तसे शहरातले घरमालक पण शेफारले. अकरा महिने झाले की भाडं वाढव, नाहीतर सामान उचल. शेवटच्या मालकिणीनं तर माझी तुळशीची कुंडी जिन्यातनं खाली ढकलून दिली होती. ती मातीतनं गोळा करताना मी ठरवलं, आता जाईन ती स्वतःच्या जागेत.

दुपारी जेवणं झाली. आईनं पुरणाची दिंडं उकडली होती, वर तुपाची धार. दादा स्वतः वाढत होता. "दाजी, आणखी एक घ्या. लाजताय काय?" हे मान खाली घालून खात होते. मला वाटलं, निवळलं सगळं. भाऊ तो भाऊच. मी मनातल्या मनात त्याची दृष्टसुद्धा काढली.

हात धुतो न धुतो तोच ढेरेची गाडी दारात लागली. ढेरे आला, मागून त्याचा ड्रायव्हर आला. ड्रायव्हर कसला, तालमीत पोसलेला रेडा होता. ढेरेनं आईच्या पाया पडून घेतलं, दिंडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि खुर्चीत बसला. दादानं आतनं साडी आणली. हिरवी, जरीकाठाची. ती त्यानं माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्या सकाळी रजिस्टर ऑफिसला जायचंय. रात्री हितंच ऱ्हावा दोघं."

"आणि तीन गुंठे?" मी विचारलं.

ढेरे गोड हसला. "ताई, विहिरीकडनं आपला मेन रोड जातोय. लेआउट फायनल झालाय. तुम्हाला पैशात काय ते देऊ, तुम्ही नाराज व्हायचं नाही."

"मला पैसे नकोत. पैसे घेऊन सांगलीत जागा बघायला गेले तर तुमच्यासारखाच कुणीतरी खुर्ची टाकून बसलेला असतोय. मला माझ्या बापाच्या रानातली जागा हवी."

"शालन," दादा म्हणाला, "सणाच्या दिवशी तमाशा करू नगंस."

"तमाशा मी करते का? मला जेवायला बोलावून हे दोन पैलवान कुणी आणून बसवले?"

आई उंबऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, "दे बाई सही. भावाशी वाकडं घेऊ नगंस. दे आणि जा आपल्या घरला."

दादा लबाड होता हे मी गिळलं असतं, पण आईनंही मला तोडावं? मी मांडीवरची साडी उचलली आणि दादाच्या पायापाशी टाकली.

"मला घरच नाही आई, कुठल्या घरला जाऊ?"

आणि तेव्हा आमचे हे बोलले. उभ्या जन्मात चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. म्हणाले, "दादा, तिचं काही चुकलं नाही. तीन गुंठ्यांनी तुमचं काय—"

वाक्य पुरं झालंच नाही. दादानं अशी खाडकन मुस्काटात ठेवून दिली की हे भिंतीवर आदळले. "भाड्याच्या खोलीत ऱ्हाणारं कुत्रं! माझ्या रानाचा हिसाब मागतंय!" ते सावरतात तोवर ड्रायव्हरनं मागनं दोन्ही हात पिरगाळून धरले. दादानं कोपऱ्यातनं जुवाची शिवळ उचलली. शिवळ म्हणजे बैलाच्या मानेशी जुवात अडकवायची लाकडी काठी, चांगली मनगटाएवढी जाड. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. रक्ताची धार नाकावरनं हनुवटीपर्यंत आली आणि दिंडाच्या ताटात ठिबकायला लागली.

पुढं मी काय काय केलं ते तुकड्यातुकड्यानं आठवतंय. तांब्याची घागर उचलून मी दादाच्या पाठीत घातली. तो वळला तसे त्याचे केस धरले. त्यानं मला झिडकारलं, मी पुन्हा धरले. मग मी त्याच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की तोंडात खारट चव आली. त्यानं कोपर मारलं. हा माझा पुढचा दात आहे ना, हा खोटा आहे. खरा त्या दिवशी सोप्यात पडला. मालन किंचाळत परसात पळाली. ढेरे खुर्चीतनं उठून दाराशी गेला, पण थांबवायला काही आला नाही, हे मी नीट बघून ठेवलं.

"तुकडंच करतो!" दादा ओरडला. "दोघांचं बी तुकडं करतो, मग कोण सही मागतंय बघू!"

तो आत धावला. कोयता आमच्याकडं मधघरातल्या खुंटीला असतो, माझ्या आज्ज्यापासूनची ती जागा. खुंटी मोकळी होती. आतनं डबे पडल्याचा, उतरंड फुटल्याचा आवाज आला. धान्याची कणगी त्यानं लाथेनं उलटी केली. फडताळ रिकामं केलं, अंथरुणं उसकटली. हातात काही न लागता बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे माणसाचे नव्हते.

"आये, कोयता कुठं ठेवलास?"

"आज पंचमी हाय," आई म्हणाली. ती उंबऱ्यातनं हलली नव्हती.

"कोयता कुठाय म्हंतो मी!"

"पंचमीला धार हातात घ्यायची न्हाई. मी देणार न्हाई."

त्यानं आईला लाथ घातली. बरगडीत. सख्ख्या आईला. ती कुशीवर पडली आणि तशीच पडून म्हणाली, "आणखी मार. पर देणार न्हाई."

तेव्हा कुठं ढेरे पुढं आला. त्याला दया आली असेल म्हणून नव्हे. त्यानं दादाचं मनगट धरलं आणि कानाशी बोलला, पण एवढ्या मोठ्यानं की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. "हिंदुराव, डोकं ठिकाणावर आहे का? इथं मुडदा पडला तर त्या रानातला एक प्लॉट जायचा नाही. खुनाची जागा कोण घेतंय? पेपरात नाव आलं की गेलं नंदनवन खड्ड्यात. सोडा त्याला."

ड्रायव्हरनं हात सोडले. हे गुडघ्यांवर खाली बसले.

मी माझ्या पदरानं त्यांचं डोकं बांधलं. दादा विहिरीच्या बाजूला निघून गेला. शेजारच्या म्हाद्याकाकांनी टेंपो काढला. आम्ही चढत होतो तेव्हा आई बरगडी धरून वाकत वाकत आली आणि माझी पिशवी तिनं टेंपोत ठेवली.

"पिशवी इसरू नगंस. जड हाय, बेतानं उचल. दिंडं घातल्यात."

मी तिच्याकडं बघितलंही नाही. एवढा राग होता.

सरकारी दवाखान्यात टाके घालून झाले. डॉक्टर विचारायला लागला तर हे म्हणाले, "जिन्यावरनं पडलो." मी चिडले, पण त्यांनी माझा हात दाबला. "सख्खा भाऊ आहे तुझा. जेलात जाईल." असा हा माणूस. त्यांचं तोंड पुसायला टॉवेल काढावा म्हणून मी पिशवीत हात घातला आणि हाताला जुनं लुगडं लागलं. गाठ सोडली. आत विळी होती, खुरपी होती, आडकित्ता होता आणि सगळ्यांच्या खाली कोयता होता.

मी पिशवी पटकन मिटली. सोप्यात हाणामारी चालली होती तेव्हा ही पिशवी माझ्या मागंच, भिंतीला टेकून होती. दादानं अख्खं घर पालथं घातलं, पण पाहुणीच्या पिशवीत त्यानं हात घातला नव्हता. ती पूर्ण रात्र मी ती पिशवी मांडीवर घेऊन यांच्या खाटेशेजारी बसले. आईवरचा राग कुठं गेला कळलं नाही. ढेरेचं वाक्य मात्र डोक्यातनं जाईना. खुनाची जागा कोण घेतंय?

पुढचा रविवार आला. मी कोयता लुगड्यात गुंडाळला आणि बोरमळ्याला निघाले. डोक्याला पट्टी बांधलेले हे म्हणाले, "मी येणार." म्हटलं, "कशाला? अजून एक शिवळ खायला?" तरीही आले.

कमानीखाली गाड्या लागल्या होत्या. भडंगाची पातेली, चहाचे कप, पोरंबाळं, टोप्या घातलेले साहेब, गॉगल लावलेल्या बायका. मी सरळ विहिरीकडच्या कोपऱ्यात गेले, चुन्याच्या रेषेवर मांडी घातली आणि कोयता उघडा करून मांडीवर ठेवला. हे शेजारी बसले.

एक बाई नवऱ्याबरोबर जवळ आली. "हा प्लॉट तुमचा का?"

"माझाच म्हणा. बुकिंग करायला आलात?"

"हो, बघतोय."

"नीट बघा. हे माझे मालक. ह्यांच्या डोक्याला सोळा टाके आहेत, ते ह्याच रानापायी पडलेत. माझी सही नाही. सही होईपर्यंत अजून कुणाचं काय फुटतंय ते मलाच माहीत नाही. पण हवा मोकळी आहे, ते खरं."

ती बाई नवऱ्याचा दंड धरून मागं सरकली. कुजबुज पसरली. दोन गाड्या मागं वळल्या. ढेरे धावत आला, तोंडावर हसू चिकटवलेलं. "ताई, काय हे? उठा, ऑफिसात बसून बोलू."

"इथंच बोला."

आणि मग दादा आला. प्लॉटच्या कोपऱ्याला ठोकलेली लोखंडी सळई त्यानं हिसका देऊन उपटली होती. माझ्या मांडीवरचा कोयता बघून तो क्षणभर थबकला. त्यानं तो ओळखला.

"थेरडीनं तुला दिला," तो म्हणाला. "माझा कोयता तुला दिला!"

त्यानं सळई उगारली ती माझ्यावर नाही, यांच्या पट्टीवर. त्याच टाक्यांवर. मी बसल्या बसल्या कोयता चालवला. जिथं लागायचा तिथं लागला, कोपराच्या वर. सळई खाली पडली. दादानं दंड धरला आणि त्याच्या बोटांतनं रक्त आलं, ते चुन्याच्या पांढऱ्या रेषेवर पडलं. एवढं लाल मी कधी बघितलं नव्हतं. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. भडंगाचं पातेलं लाथेनं सांडलं. मग जी पळापळ झाली! साहेबांच्या टोप्या राहिल्या, बायकांच्या चपला राहिल्या, कमानीखाली गाड्या एकमेकींना घासत निघाल्या.

मी उभी राहिले. "ये दादा," मी म्हटलं. "आज पंचमी नाही."

तो नाही आला. दंड धरून तिथंच मटकन बसला आणि पोरासारखा रडायला लागला. मला वाईट वाटलं का? वाटलं. लहानपणी विहिरीत पोहायला त्यानंच मला शिकवलं होतं. पण पाऊल मागं घेतलं नाही.

ढेरेनं रिकाम्या रानाकडं बघितलं, सांडलेल्या भडंगाकडं बघितलं, कमानीकडं बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"घ्या," तो म्हणाला. "विहिरीकडचे तीन गुंठे घ्या. रोड मी वळवतो. पण बाई, आता उठा इथनं. हात जोडतो."

"आधी माझ्या नावावर करा. मग बाकीच्यावर सही देते."

"करतो."

"आणि साडी नको."

आईचा अंगठा नि दादाची सही घेऊन त्यानं केलं. मी सही दिली. प्लॉट पुढं विकले गेलेच. लोकांना विसरायला किती वेळ लागतो? आता तिथं बंगले आहेत, कुत्र्यांपासून सावध राहा अशा पाट्या आहेत, आणि मेन रोड विहिरीपाशी येऊन उगाचच एक वळसा घेतो. नवीन लोक विचारतात, इथं रस्ता वाकडा का? मी सांगत नाही.

दादानं दंडावरचा व्रण बघून पोलिसांत जायचं ठरवलं होतं म्हणे, पण त्याच्याच बायकोनं त्याला अडवलं. मालन म्हणाली, "मग मी बी सांगीन, आत्याबाईंच्या बरगडीचं." त्यानंतर तिनं आईला माझ्या दारात आणून सोडलं. तेव्हा घराला गिलावा व्हायचा होता, पण तुळस लावून झाली होती.

आई माझ्याकडं राहिली, शेवटपर्यंत. एका पंचमीला मी दिंडं उकडत होते. विळी, चाकू सगळं जागच्या जागी होतं, फक्त वापरायचं नाही एवढंच. मी सहज विचारलं, "आई, आता कशी गं हत्यारं बांधत नाहीस?"

ती तुळशीकडं बघत बसली होती. "आता कशाला बांधू?"

"म्हणजे तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"आदल्या दिशी सांजंला तो अन् त्यो ढेऱ्या बोलत हुते. नाय ऐकली तर भ्या दाखवू म्हणत हुते. माझं पोरगं हाय ते. भ्या दाखवून थांबायचं न्हाई, मला ठावं हुतं. म्हणून तर तुला म्हणत हुते, दे सही अन् जा."

पातेल्याचं झाकण माझ्या हातातच राहिलं. "मग मला निरोप का नाही धाडलास? येऊ नको म्हणून सांगायचंस. म्हाद्याकाका होते, फोन होता."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला माझं बोलणं अगदी खुळ्यासारखं वाटलं असावं.

"तू आली नसतीस तर तो तुझ्या खोलीवर आला असता, शालन. तितं कोयता लपवायला मी न्हवते."